डिजिटल संदेशवाहिन्या : बेळगाव सीमाभाग

मजकूर, आवाज किंवा चित्र अंकरूपात बदलून एकाकडून दुसऱ्याकडे वा एकाच वेळी अनेकांकडे पोहोचवणारी साधने. एसएमएस, ई-मेल, व्हॉट्सॲप-टेलिग्रामसारखी संदेश-ॲप, त्यांवरील प्रसारण-चॅनेल आणि मोबाइल टॉवरवरून थेट सुटणारी आपत्ती-सूचना हे त्यांचे आज प्रचलित प्रकार. या नोंदीत त्यांचा विचार कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) मराठी भाषक पट्ट्यापुरता, म्हणजे मुख्यत्वे बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी तालुक्यांपुरता केला आहे. वेग आणि खर्च या कसोट्यांवर आता या वाहिन्यांत फारसे अंतर उरलेले नाही. पत्ता कशाला बांधलेला आहे आणि लिपी कशी मोजली जाते, या दोन बाबतींत मात्र त्या अजून एकमेकींपासून दूर आहेत. सीमाभागात नेमक्या याच दोन बाबी रोज आड येतात.

नावे : बोलण्यात 'मेसेज', 'व्हॉट्सॲप', 'मेल' एवढेच शब्द आहेत, 'संदेशवाहिनी' पुस्तकी. खेड्यांतील जुनी माणसे अजून 'सांगावा धाडला' म्हणतात. ई-मेलसाठी सुचवलेला 'ई-टपाल' हा प्रतिशब्द रुळला नाही, पण त्यातील 'टपाल' मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत असल्याने त्याची व्युत्पत्ती येथे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

उत्तरेत 'डाक' आणि दक्षिणेत व पश्चिमेत 'टपाल' अशी वाटणी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकारांनी नोंदवली आहे. शब्दाच्या मुळाबद्दल मात्र त्यांच्यात एकमत नव्हते. तेलुगूचे कोशकार चार्ल्स फिलिप ब्राउन यांनी त्याचा संबंध फ्रेंच 'एताप' (मुक्काम, मजल) या शब्दाशी असावा असे सुचवले. भाषाभ्यासक जॉन बीम्स यांनी तो आर्य मूळाचा मानला : 'टप्पा' म्हणजे पत्रांवर शिक्का मारण्याची जागा आणि त्यापासून 'टपाल'. कोशकार होरेस हेमन विल्सन यांचा कल दक्षिणी मूळाकडे दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या कागदांत 'टप्पा' असे रूप अधूनमधून आढळते. ब्राउन यांच्या मते ते तेलुगू कारकुनांनी पाडलेले आहे : 'टप्पालु' हे अनेकवचन आहे असे समजून त्यांनी त्याचे एकवचन बनवले. हे खरे धरल्यास बीम्स यांची व्युत्पत्ती अडचणीत येते, कारण ती 'टप्पा' हेच मूळ मानून पुढे जाते. मराठीतील 'टप्पा' (मजल) या शब्दाशी असलेले साम्य मोह पाडणारे आहे खरे. परंतु शब्दाचा वावर दक्षिण आणि पश्चिम भारतापुरताच राहिला, ही गोष्ट दक्षिणी मूळाच्या बाजूने अधिक बोलते. फ्रेंच मूळाला पुढे कोणी फारसा दुजोरा दिलेला दिसत नाही.

पत्ता आणि सीमा : टपालाच्या पत्त्यात राज्याची हद्द उघड दिसते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाले. बेळगावचा पिन ५९ ने, तर कोल्हापूर जिल्ह्याचा ४१ ने सुरू होतो. तार त्याच पत्त्यावर येई. ती सेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. दूरध्वनीच्या क्रमांकांत हद्द थोडी वेगळी पडते. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, गोव्याचा ०८३२ आणि कोल्हापूरचा ०२३१. म्हणजे क्रमांकांच्या मांडणीत गोवा बेळगावच्या शेजारी बसला आहे, पण मोबाइल परवान्यांच्या विभागणीत तो महाराष्ट्राबरोबर आहे. दूरसंचार परिमंडळे (बोलीत 'सर्कल') आखताना महाराष्ट्र व गोवा एका परिमंडळात गेले, बेळगाव कर्नाटकात.

या आखणीचा परिणाम पुढील दोन दशके लोकांनी बिलातून भोगला. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की चंदगड तालुक्यातील शिनोळीपाशी फोन महाराष्ट्राचे नेटवर्क पकडतो. राष्ट्रीय महामार्गावर कोगनोळीहून कागलकडे दूधगंगेचा पूल ओलांडताना तेच घडते. टॉवरची लहर हद्दीचा दगड पाहून थांबत नसल्यामुळे सीमेलगतच्या घरात बसल्या जागीही फोन पलीकडचा टॉवर धरी आणि येणाऱ्या कॉललाही रोमिंगचे पैसे पडत. त्यामुळे नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून काढून 'मॅन्युअल' करण्याची युक्ती या भागात अल्पशिक्षितांनाही ठाऊक होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०१५ पासून रोमिंगमधील येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशभर कोठेही सेवा कंपनी बदलता येऊ लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर रोमिंग हा शब्दच हळूहळू बोलण्यातून गेला. मोबाइल क्रमांकावरून माणूस कोणत्या राज्यातला हे ओळखण्याची सोयही त्याबरोबर गेली. सीमाभागात हे किरकोळ नव्हे.

ई-मेलच्या पत्त्याला मुळातच गाव नसते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचे अमेरिकी संगणकजाळे) दोन यंत्रांमध्ये संदेश पाठवताना व्यक्ती आणि यंत्र यांच्या नावांमध्ये '@' हे चिन्ह योजले. मुंबईत जन्मलेले शिवा अय्यादुराई यांनी १९७८ च्या सुमारास न्यू जर्सीत लिहिलेल्या आज्ञावलीच्या आधारे ई-मेलच्या जनकत्वावर हक्क सांगितला असून १९८२ मध्ये त्यांना त्या आज्ञावलीचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) मिळाला. स्वामित्वहक्क लिहिलेल्या आज्ञावलीचा असतो, कल्पनेचा नव्हे. संगणकेतिहासाचे अभ्यासक टॉमलिन्सन यांचाच अग्रमान धरतात. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम (डोमेन) मराठी, कोकणीसह अनेक भाषांसाठी खुले झाले, तरी देवनागरीत ई-मेलचा पत्ता असलेला माणूस भेटणे आजही दुर्मीळच.

व्हॉट्सॲपने (स्थापना २००९) मोबाइल क्रमांकच पत्ता केला. टेलिग्राममध्ये (२०१३) क्रमांक झाकून टोपणनावाने वावरता येते. निरोप कोठे राहतो यातही फरक आहे. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सर्व संदेश दोन टोकांच्या फोनखेरीज कोणालाही उलगडू नयेत अशा रीतीने कुलूपबंद असतात. टेलिग्रामच्या साध्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि कुलूप केवळ 'सीक्रेट चॅट'ला असते. एसएमएस मोबाइल कंपनीच्या केंद्रात थांबून पुढे जातो. हे भेद वापरणाऱ्यांच्या गावीही नसतात.

लिपीचे माप : एसएमएसचा एक निरोप १४० बाइटचा. रोमन अक्षरे प्रत्येकी सात बिटांत बसवली की त्यात १६० चिन्हे मावतात. देवनागरीला प्रत्येकी सोळा बिट लागत असल्याने फक्त ७०. शिवाय येथे अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसते ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सर्व वेगळे मोजले जातात. 'द्या' हे एक अक्षर चार चिन्हांचे होते. 'बेळगाव' सहा चिन्हांचे. 'उद्या दुपारी चंदगडच्या एसटीने येतोय, स्टँडवर थांब.' हा निरोप मोकळ्या जागांसह ५० चिन्हांचा आहे. त्यापुढे 'सोबत आईही आहे.' जोडले तर ६५, आणि 'छत्री आण.' म्हटले की ७५. म्हणजे छत्रीपायी एकाचे दोन एसएमएस झाले. तुकडे जोडण्याची खूणही त्यातच भरावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात मग ६७ चिन्हेच मावतात. सीमाभागातील मराठी एसएमएसच्या काळात रोमन अक्षरांत लिहिली गेली, त्यामागे फोनमधील फाँटच्या अडचणीइतकाच हा हिशोबही होता.

देवनागरीची ही कोंडी सोडवण्यासाठी मोबाइल मानकात पुढे सात बिटांचे भाषिक तक्ते आले. त्यांत हिंदी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषा आहेत. मराठीचा स्वतंत्र तक्ता नाही. व्यवहारात हे तक्ते कोणत्याच भाषेसाठी फारसे चालले नाहीत, त्यामुळे मराठीचे नुकसान कागदावरच राहिले.

युनिकोडमध्ये (लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारे जागतिक मानक, पहिली आवृत्ती १९९१) देवनागरी आणि कन्नड या लिप्यांना १२८ घरांचे एकेक खण मिळाले आहेत. दोन्ही खण इस्की या भारतीय मानकाच्या क्रमावर बेतलेले असल्याने अक्षरे समांतर बसतात. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५, कन्नड 'क' चा ३२२१. 'ळ' चे अनुक्रमे २३५५ आणि ३२५१. फरक दोन्हीकडे ८९६. म्हणजे मराठी मजकुराच्या प्रत्येक चिन्हात ८९६ मिळवले की तो बव्हंशी कन्नड लिपीत वाचता येतो. साठ-सत्तर वर्षे पाट्यांच्या लिपीवरून वाद झालेल्या प्रदेशात दोन लिप्यांमधले अंतर असे एका बेरजेचे निघावे, हे नमूद करण्याजोगे आहे. बेरीज अडते ती 'ऱ' पाशी. त्याच्या समोरच्या कन्नड घरात एक जुने अक्षर आहे, जे आधुनिक कन्नडमधून केव्हाच गेले.

मराठीचा 'ऱ' तसाही तापदायक आहे. आचाऱ्यास (स्वयंपाक्याला) आणि आचार्यास (गुरूला) यांतला भेद याच अर्ध्या र वर अवलंबून आहे. हा र दोन प्रकारे साठवता येतो : 'ऱ' ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. 'ॲ' ला स्वतःचे घर २००८ मध्ये मिळाले. त्याआधीचे 'अ' वर चंद्र चढवून लिहिलेले शब्द आजही जुन्या मजकुरात आढळतात.

बोली : संदेश-ॲपमुळे बेळगावी मराठी प्रथमच मोठ्या प्रमाणावर लिहिली जाऊ लागली. 'मेसेज टाकलोय, बघ की' किंवा 'मी दोनदा फोन केलो, लागेना' अशी वाक्ये पूर्वी फक्त ऐकू येत. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते (मी मेसेज टाकला). येथे ते कर्त्याप्रमाणे चालते. हा कन्नडच्या सहवासाचा परिणाम असावा, असे बहुधा मानले जाते. शाळेच्या निबंधात हे रूप लाल शाईने खोडले जाते आणि ग्रुपवर सर्रास लिहिले जाते.

गट व प्रसारण : गल्ली, तालीम मंडळ, भिशी, भजनी मंडळ, दहावीची जुनी तुकडी यांचे व्हॉट्सॲप-ग्रुप हे येथील नेहमीचे रूप आहे, त्यांचे वर्णन करण्याची गरज नाही. हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ दरवर्षी १ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाचे आवाहनही आता पत्रकाआधी ग्रुपवर येते. तणावाच्या दिवसांत जुने व्हिडिओ नव्याने फिरतात. त्यावरचे उपाय वाहिनीगणिक बदलत गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूरहून ईशान्येकडील लोक अफवांमुळे परतू लागले, तेव्हा केंद्राने एका वेळी पाचहून अधिक एसएमएस पाठवण्यास तात्पुरती बंदी घातली होती. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप पुढे पाठवण्याची (फॉरवर्ड) मर्यादा पाच गप्पांवर आणली. पाच हा आकडा दोन्ही वेळी का आला असावा, याचे कुतूहल राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या व्हॉट्सॲप-चॅनेलवर वाचकाला निरोपाखाली थेट उत्तर देता येत नाही, इमोजीने दाद देता येते. या अर्थाने ती गावच्या दवंडीच्या अधिक जवळ आहेत.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या हद्दीतील वाड्यांत नेटवर्क तुटक आहे.

पुराची वार्ता : वाहिन्यांमधला फरक जीवावर येतो तो पावसाळ्यात. चिकोडी-निपाणी भागात येणारे पाणी महाराष्ट्रात पडते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे भोगावतीवर उघडतात. ते पाणी पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे कर्नाटकात शिरते. काळम्मावाडी धरणाचे पाणी दूधगंगेतून थेट येते. त्यामुळे 'राधानगरीचा एक दरवाजा उघडला, विसर्ग १,४२८ क्युसेक' हा निरोप महाराष्ट्रातून निघतो, मराठीत असतो, आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधून सीमा ओलांडतो. अशा निरोपावर बहुधा तारीख नसते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या ग्रुपमध्ये 'आजचा आहे का?' हा प्रश्न निरोपामागून ठरल्याप्रमाणे येऊ लागला.

पुढील दिशा : आरसीएस ही एसएमएसची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनवरही आली. तिच्यात ७० चिन्हांची अट उरत नाही. देवनागरीच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेश-ॲप चालू सिमकार्डाला बांधून ठेवण्याचे निर्देश दिले. सिमपासून सुटत चाललेला पत्ता त्यामुळे पुन्हा सिमकडे वळतो. वेगवेगळ्या ॲपना परस्परांशी बोलू देण्याची सक्ती युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांवर केली आहे. भारतात तसा कायदा नाही.

या भागासाठी सर्वांत जास्त फरक पाडील ती सेल ब्रॉडकास्ट ही पद्धत. २०२३ मध्ये तिच्या देशभर चाचण्या झाल्या, तेव्हा लाखो फोन एकदम मोठ्याने वाजले. यात पत्ता नसतोच : एखाद्या टॉवरच्या कक्षेत जे फोन असतील त्या सर्वांना सूचना जाते, क्रमांक कोणत्याही राज्याचा असो. सूचना कोणत्या भाषांत सोडायची हे ती काढणारी यंत्रणा ठरवते. त्यामुळे कोगनोळीच्या काठावर, दूधगंगेच्या पलीकडचा कागलचा टॉवर धरून बसलेल्या फोनवर महाराष्ट्राने सोडलेली सूचना येईल आणि शेजारच्या घरातील फोनवर कर्नाटकाची. पूर्वी ज्या टॉवरमुळे बिल वाढे तो टाळण्यासाठी लोक 'मॅन्युअल' करीत. आता पाणी वरून येत असल्याने आधीची खबर त्याच टॉवरवर असण्याचा संभव अधिक.