रात्री अकरानंतरचा निरोप

रावेर-सावद्याची केळी दिल्लीला जायची आणि बाजारभावाचा निरोप उलट्या वाटेने यायचा. घड कापला की माल थांबत नाही, म्हणून निरोप आजचा आजच हवा. टपाल स्वस्त, पण हळू. तारेला शब्दागणिक पैसे. ट्रंक कॉल म्हणजे नंबर बुक करून घंटी वाजायची वाट बघत बसणं. देशात एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट दूरगावचा नंबर फिरवायची सोय, 1960 साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झालं. पण जळगाव-धुळ्यातल्या सामान्य माणसाच्या हाती ते आलं ऐंशीच्या दशकाअखेर, पिवळ्या पाटीच्या बूथमधून. तिथेही मीटर पळायचंच. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून गर्दी तेव्हा. बोलायचे मुद्दे लोक चिठ्ठीवर लिहून आणायचे.

त्या चिठ्ठीत फार मोठी गोष्ट होती: विचार करायचा वेळ आणि लाइनचा वेळ वेगळा काढणं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने 1984मध्ये सुरू केलेलं फिडोनेट हे हौशी लोकांच्या संगणकांचं जाळं याच तत्त्वावर उभं होतं. दिवसभर लिहिलेले निरोप संगणकात साठत. रात्री ते आटवून त्यांचा गठ्ठा बांधला जाई आणि स्वस्त दराच्या वेळी एक संगणक दुसऱ्याला फोन लावी. गठ्ठा दिला, गठ्ठा घेतला, फोन बंद. पुढच्या गावचा निरोप असेल तर तो तिसऱ्या संगणकाकडे जाई, भुसावळ जंक्शनला डबा काढून दुसऱ्या गाडीला जोडावा तसा. लिहिताना-वाचताना लाइनचा एक पैसाही लागत नसे. संगणक फोनलाइनला जोडणारा 2400 बिटांचा मॉडेम सेकंदाला साधारण 240 रोमन अक्षरं पाठवी, म्हणजे 2000 अक्षरांचं पान आठ-नऊ सेकंदांत. तेच पान फोनवर वाचून दाखवायला दोन मिनिटं तरी जातील!

ही युक्ती त्याआधीचीच. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकात युनिक्स प्रणालीच्या संगणकांसाठी यूयूसीपी ही फोनवरून फाइली पाठवायची पद्धत तयार झाली होती. आपल्याकडे 1986 साली सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याची पहिली ई-टपालंही अशीच डायल करून गेली.

फिडोनेटच्या या हौशी जाळ्याचं खरं मोल मला दिसतं ते आफ्रिकेत. तिथे परदेशी कॉलचं मिनिट परवडण्यापलीकडचं होतं. लंडनच्या ग्रीननेट या संगणक-जाळ्याने 1990च्या सुमारास तिथल्या संस्थांचे गठ्ठे स्वीकारून पुढे जगभर पोचवले. हेल्थनेट या आरोग्यासाठीच्या जाळ्यामुळे दूरच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना वैद्यकीय माहिती मिळू लागली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995ला आलं, तेही आधी महानगरांत. जिथे इंटरनेटचं केंद्र नव्हतं तिथून जोडायचं तर पुन्हा एसटीडीचंच मीटर.

आज सातपुड्यात रेंज नसलेल्या पाड्यावर कुणी व्हॉट्सॲपवर निरोप लिहिला, तर त्याच्या शेजारी छोटं घड्याळ दिसतं. माणूस रेंजमध्ये आला की घड्याळ जाऊन तिथे एक टिक येते.