टॅलिलिन रेल्वेची भेट : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

आमच्या वेल्स सहलीतील जवळजवळ एक पूर्ण दिवस टॅलिलिन रेल्वेसाठी राखून ठेवलेला आहे. एका छोट्या आगगाडीला एवढा वेळ कशासाठी, असे अनेक प्रवासी विचारतात, म्हणून ही माहिती देत आहोत.

ब्रिन एग्लविसच्या खाणीतून निघणारा, छपरांसाठी लागणारा पाटीचा दगड टाउइन या किनाऱ्यावरील गावी आणण्यासाठी १८६० च्या दशकात हा मार्ग बांधण्यात आला. दोन रुळांमधील अंतर ६८६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडेसेच अधिक आहे. खाण १९४६ मध्ये बंद पडली, तरीही आपण हयात असेपर्यंत गाडी चालेल हा शब्द मालक सर हेडन जोन्स यांनी पाळला. १९५० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मार्ग मोडीत निघण्याची वेळ आली, तेव्हा लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे सभा भरली, संस्था स्थापन झाली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. अशा रीतीने स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय. त्या वेळी गाडी ओढण्याजोगे एकच इंजिन उरले होते, ते म्हणजे १८६६ चे ‘डॉलगॉख’. ते आजही जपलेले आहे.

डब्यात बसताना एक गोष्ट अवश्य पाहावी. मार्गावरील पूल गाडीच्या मानाने अरुंद बांधले गेल्यामुळे एका बाजूचे दरवाजे कायमचे बंद करावे लागले आणि पुलांखाली रूळ मध्यभागी न ठेवता एका अंगाला सरकवावे लागले. सर्व फलाट एकाच बाजूला आहेत, त्याचे कारण हेच.

टाउइन वॉर्फ ते नान्त ग्वेर्नॉल हे अंतर सुमारे पावणेबारा किलोमीटर आहे. वाटेत डॉलगॉख येथे इंजिनात पाणी भरले जाते आणि तेथून धबधबा पायी जाण्याइतका जवळ आहे. शेवटच्या स्थानकाला मोटाररस्ता नाही. तेथे इंजिन सुटे होऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडले जाते, ते पाहण्यासाठी खाली उतरावे.

येथील तिकीट तपासनीस, गार्ड, फायरमन यांपैकी बहुतेक जण आपली सुट्टी खर्चून विनावेतन काम करणारे आहेत. गाडी उभी असताना त्यांना प्रश्न जरूर विचारावेत, मात्र बोलावल्याशिवाय इंजिनावर चढू नये. वाफेच्या गाडीला कधी उशीर झाल्यास घाई करू नये, ही आमची मनापासून विनंती आहे. बारीक कोळसा उडत असल्याने फिकट रंगाचे कपडे टाळावेत. हिवाळ्यात गाड्या रोज धावत नाहीत, त्यामुळे सहलीची तारीख बदलायची असल्यास आम्हाला आधी कळवावे. ज्यांना पायऱ्या चढणे अवघड जाते, त्यांनी नोंदणीच्या वेळीच सांगितल्यास रेल्वेकडे तशी चौकशी करता येईल.