खोक्यावरचे १५ बार आणि कपातली कॉफी

घरासाठी कॉफीचे यंत्र निवडताना बहुतेकांची नजर सर्वांत आधी खोक्यावर ठळक छापलेल्या एका आकड्यावर थांबते : १५ बार. शेजारच्या खोक्यावर १९ किंवा २० बार लिहिलेले असते, आणि दाब जितका जास्त तितकी कॉफी अधिक दाट व अस्सल, असा हिशेब मनात आपोआप मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. तो नेमका कुठे चुकतो हे पाहिले, की यंत्रात कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत याचा बराचसा उलगडा होतो.

एक बार म्हणजे साधारणपणे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. एस्प्रेसोसाठी, म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेल्या दाट कॉफीसाठी, गेली अनेक दशके प्रमाण मानला गेलेला दाब ९ बार आहे, म्हणजे सुमारे ९० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने तळाशी दिलेला दाब. हा आकडा कोणत्याही मूलभूत नियमातून आलेला नाही. तो यंत्रांच्या इतिहासातून आला आहे. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली आणि मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली ज्या यंत्रांचे पेटंट घेतले, त्यांत पाणी ढकलण्याचे काम वाफ करीत असे, आणि वाफेचा दाब दीड-दोन बारच्या पलीकडे सहसा जात नसे. दाब वाढवायचा तर वाफेचे तापमान वाढवावे लागे आणि कॉफी करपल्यासारखी लागे. दाब आणि तापमान यांची ही गाठ आकिले गाज्जिया यांनी सोडवली. त्यांच्या दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेल्या यंत्रात दांडा ओढून एक भक्कम स्प्रिंग दाबली जाई आणि ती सैल होताना दट्ट्याला ८ ते १० बारच्या आसपासचा दाब मिळे. कॉफीवर सोनेरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, लोकांनी पाहिला तो या यंत्रामुळे. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला आणि दाब ९ बारच्या आसपासच ठेवला.

मग घरगुती यंत्रावर १५ बार कशासाठी लिहिलेले असतात? याचे उत्तर पंपाच्या रचनेत आहे, आणि या पंपाबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बहुतेक घरगुती यंत्रांत कंपनावर चालणारा एक छोटा पंप असतो. तारेच्या वेटोळ्याच्या आत एक लोखंडी दट्ट्या आणि त्याच्यामागे एक स्प्रिंग एवढाच त्याचा संसार. वेटोळ्यातून वीज वाहते तेव्हा चुंबकीय बल दट्ट्याला मागे खेचते व स्प्रिंग दाबली जाते. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमुळे प्रत्यावर्ती विजेचा पुढचा अर्धा भाग अडवला जातो, बल नाहीसे होते, आणि स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटून पाण्याचा एक इवलासा घोट पुढे ढकलते. वीजपुरवठ्याच्या वारंवारितेप्रमाणे हे सेकंदाला ५० किंवा ६० वेळा घडते. यंत्र सुरू असताना ऐकू येणारी घरघर हीच. म्हणजे पाण्याला प्रत्यक्ष ढकलणारी शक्ती स्प्रिंगची आहे. पुढचा दाब जसजसा वाढतो तसतसा दट्ट्याचा टोला आखूड होत जातो, आणि पाण्याचा दाब स्प्रिंगच्या बलाला पुरता भारी पडला की दट्ट्या जागच्या जागी थरथरत राहतो, पाणी मात्र पुढे सरकत नाही. या अवस्थेतला दाब म्हणजे खोक्यावरचे १५ बार. बागेतल्या पाइपाचे तोंड अंगठ्याने पूर्ण बंद केल्यावर अंगठ्याला जो दाब जाणवतो तो पाइपातला सर्वाधिक दाब असतो, पण त्या वेळी झाडाला पाणी मिळत नसते. पंपाच्या कमाल दाबाचेही तसेच आहे.

उलट टोकाला, पुढे काहीच अडथळा नसेल तर असा पंप मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक पाणी फेकू शकतो, पण तेव्हा दाब जवळजवळ शून्य असतो. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मधे कुठे तरी चालते, आणि नेमके कुठे ते पंप ठरवीत नाही. ते पुढे बसलेला कॉफीचा थर ठरवतो.

येथे १८५६ सालच्या एका नियमाची मदत होते. फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या स्तंभांतून पाणी वाहू देऊन मोजमापे केली आणि सच्छिद्र थरातून होणारा प्रवाह दाबाच्या फरकाच्या सम प्रमाणात व थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे दाखवून दिले. त्यातला उरलेला घटक म्हणजे थराची पारगम्यता, अर्थात थर पाण्याला किती सहज वाट देतो त्याचे माप. दाण्यांच्या थरात ही पारगम्यता ढोबळमानाने दाण्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. हा वर्ग फार महत्त्वाचा आहे. दाणा २० टक्क्यांनी बारीक केला तर व्यास ०.८ पट होतो, पारगम्यता ०.६४ पट होते, आणि पूर्वीइतकाच प्रवाह हवा असेल तर ९ बारऐवजी सुमारे १४ बार दाब द्यावा लागतो. म्हणजे ज्या फरकासाठी ग्राहक खोक्यांची तुलना करतो, तेवढा फरक ग्राइंडरची चकती जराशी फिरवल्याने पडतो. शिवाय कॉफीचा थर वाळूसारखा कडक नसतो. पाण्यात भिजून तो फुगतो, दाबाने आवळला जातो, आणि त्यातली अगदी सूक्ष्म पूड वाहत जाऊन खालची छिद्रे बुजवू लागते. त्यामुळे दाब वाढवला तरी प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही. मात्र थरात एखादी कच्ची जागा असेल तर पाणी तिथून बोगदा पाडते, त्या वाटेवरची कॉफी प्रमाणाबाहेर धुऊन निघते आणि शेजारची जवळजवळ कोरडीच राहते. एकाच कपात आंबटपणा आणि जळका कडवटपणा दोन्ही लागतात ते यामुळे.

आलेखावर विचार करणाऱ्यांसाठी सांगायचे तर दाब वाढताना प्रवाह घटत जाणारी पंपाची उतरती रेषा आणि दाबाबरोबर प्रवाह वाढत जाणारी थराची चढती रेषा जिथे छेदतात, तो यंत्राचा कार्यबिंदू. सुमारे १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी असा सर्वसाधारण प्रघात आहे. हा प्रवाह मिनिटाला जेमतेम ८० मिलिलिटर भरतो. इतक्या कमी प्रवाहाला १५ बारचा पंप मोकळा सोडला तर दाब ९ बारच्या बराच वर जातो. म्हणून चांगल्या यंत्रात पंपापुढे दाब मर्यादित करणारी एक झडप असते, जी जादा पाणी टाकीत परत सोडते. यंत्र घेताना विचारण्याजोगा प्रश्न हा आहे की अशी झडप आहे का आणि ती किती बारला लावलेली आहे.

या साऱ्याचा व्यवहारातला अर्थ असा की एस्प्रेसो करायची असेल तर आधी ग्राइंडर निवडावा आणि उरलेल्या रकमेत यंत्र पाहावे. पात्याचा ग्राइंडर बिया फोडतो, पण त्यात खडे आणि धूळ यांची सरमिसळ होते. दातेरी चकत्यांचा, म्हणजे बर ग्राइंडर, चकत्यांमधल्या फटीने दाण्याचा आकार ठरवतो, आणि ही फट अगदी बारीक पायऱ्यांनी कमीजास्त करता आली पाहिजे. तेवढ्याने सगळे साधते असेही नाही. 'मॅटर' या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गणितज्ञ व रसायनशास्त्रज्ञांनी असे दाखवले की दळण फारच बारीक केले तर थर जागोजागी तुंबतो आणि निष्कर्षण, म्हणजे पुडीतले पदार्थ पाण्यात उतरणे, वाढण्याऐवजी घटते. किंचित भरड दळलेली, वजनाने कमी कॉफी वापरून अधिक एकसारखा कप मिळू शकतो.

ग्राइंडर नसेल तर काय, या प्रश्नावर उत्पादकांनी काढलेला तोडगा म्हणजे पूड भरण्यासाठी दुहेरी तळाची चाळणी. तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असते आणि प्रवाहाला अडथळा कॉफीचा थर नव्हे तर ते भोक करते. तयार पूड कशीही असली तरी दाब तयार होतो, आणि भोकातून जोरात बाहेर पडणारी चिळकांडी भरपूर फेस आणते. हा फेस म्हणजे क्रेमा नव्हे. खरा क्रेमा भाजलेल्या बियांत अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार होतो आणि त्यावरून फार तर बिया किती ताज्या आहेत याचा अंदाज येतो. फेसाच्या जाडीला कॉफीच्या शुद्धतेची किंवा यंत्राच्या श्रेष्ठतेची खूण मानण्याला काही आधार नाही. नवशिक्याने दुहेरी तळाची चाळणी वापरण्यात गैर काही नाही, पण एकेरी तळाची चाळणीही त्या यंत्रात बसते की नाही, हे घेतानाच पाहून ठेवावे.

आता उष्णतेकडे वळू. ४० मिलिलिटर पाणी ९ बार दाबाने ढकलायला लागणारे कार्य केवळ ३६ ज्यूल आहे. तेच पाणी २५ अंशांवरून ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे ११,४०० ज्यूल लागतात, म्हणजे तीनशेपटींहून अधिक. एवढी ऊर्जा पाण्यात आणि त्याच्या वाटेवरच्या धातूत नेमकेपणाने उतरवणे, हे यंत्रापुढचे खरे अवघड काम आहे. कॉफीच्या पुडीच्या वजनापैकी जवळपास ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण चवीला चांगला समजला जातो तो १८ ते २२ टक्क्यांचा पट्टा. आम्लधर्मी पदार्थ लवकर उतरतात आणि कडवट पदार्थ मागाहून. पाणी साधारण ९० ते ९६ अंशांच्या मधे असावे लागते, आणि त्यातही दोन-तीन अंशांचा फरक जिभेला कळू शकतो. साधा थर्मोस्टॅट हीटर चालू-बंद करीत राहतो, त्यामुळे तापमान बरेच वरखाली होते. पीआयडी नियंत्रक तापमानातला फरक, तो किती वेळ साचत आला आहे आणि किती वेगाने बदलतो आहे, या तिन्हींचा हिशेब करून हीटरला हवी तेवढीच वीज देतो. माझ्या मते दाबाच्या फुगलेल्या आकड्यापेक्षा ही एक सोय कितीतरी मोलाची आहे.

दुधाची कॉफी आवडणाऱ्यांना आणखी एक अडचण सोडवावी लागते, कारण दूध फेसाळणाऱ्या वाफेसाठी बॉयलर १२० अंशांच्या वर न्यावा लागतो आणि कॉफीला ते तापमान चालत नाही. एकाच बॉयलरच्या यंत्रात दोन कामे एकामागून एक करावी लागतात आणि मधे थांबावे लागते. दोन बॉयलर असले तर दोन्ही एकाच वेळी होतात, पण यंत्र जड, महाग आणि तापायला सावकाश होते. दिवसाला एखादा कप दुधाची कॉफी घेणाऱ्याला पहिला प्रकार पुरेसा आहे. नुसती काळी कॉफी घेणाऱ्याने वाफेच्या नळीसाठी एक पैसाही जादा देऊ नये.

अर्थात एस्प्रेसो हवीच असे कुठे आहे? मोठा कप सावकाश पिणाऱ्यांसाठी ठिबक पद्धतीचे यंत्र अधिक योग्य आहे, आणि त्यात सहसा पंपच नसतो; तापलेल्या नळीत तयार होणारे वाफेचे बुडबुडे पाण्याचे तुकडे वर उचलत नेतात. अशा यंत्राच्या बाबतीत वॅटचा आकडा बरेच काही सांगून जातो. एक लिटर पाणी सहा मिनिटांत २५ वरून ९३ अंशांवर न्यायला वाया जाणारी उष्णता न धरताही सुमारे ८०० वॅट लागतात. ५००-६०० वॅटचे यंत्र तेवढ्याच पाण्याला खूप जास्त वेळ घेते किंवा पाणी पुरेसे तापवत नाही. मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली पुढे आणलेला कागदी फिल्टर कॉफीतले कॅफेस्टॉल अडवतो, आणि हा पदार्थ रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतो हे सिद्ध झालेले असल्यामुळे दिवसभरात अनेक कप पिणाऱ्यांनी या प्रकाराचा विचार करावा. कॅप्सूलच्या यंत्रात दळण आणि मात्रा दोन्ही कारखान्यात बंदिस्त झालेली असतात, त्यामुळे ग्राइंडरचा प्रश्न मिटतो. पण निवडीचे स्वातंत्र्यही जाते, प्रत्येक कपाची कॉफी महाग पडते आणि मागे कचरा उरतो. चुलीवर ठेवायचे मोका भांडे तर केवळ एक-दोन बार दाबावर चालते आणि तरीही जोमदार कॉफी देते.

यंत्र कोणतेही असो, ते बिघडते ते बहुधा पाण्यामुळे. कठीण पाणी तापले की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट हीटरवर आणि नळ्यांत बसतो, हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही, आणि थर्मोब्लॉकच्या, म्हणजे पाणी वाहतावाहता तापवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, अरुंद वाटा तर त्याने बुजूनच जातात. पूर्णपणे क्षारमुक्त पाणी हा त्यावरचा उपाय नाही, कारण त्यात कॉफी सपक लागते आणि ज्या यंत्रांत पाण्याची पातळी त्याच्या विद्युतवाहकतेवरून ओळखली जाते त्यांना असे पाणी दिसतच नाही. मध्यम कठीणपणाचे गाळलेले पाणी वापरावे आणि पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने क्षार काढावेत. म्हणून निवड करताना टाकी सहज निघते का, क्षार काढण्याची सोय कशी आहे, चाळणीचा व्यास ५८ मिलिमीटरसारखा सर्रास वापरला जाणारा आहे का, आणि काही काळाने कडक होऊन गळू लागणारी रबराची कडी घरच्या घरी बदलता येते का, हेही विचारून घ्यावे.