वामकुक्षी

दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ आडवे होण्याची रीत. वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. शब्दात एवढेच आहे. झोपेचा त्यात उल्लेखही नाही. बोलताना मात्र दुपारच्या कुठल्याही झोपेला, अगदी दीड तास घोरत काढलेल्या झोपेलाही, वामकुक्षीच म्हणतात. वामकुक्षी चांगली की वाईट हा वाद बराचसा या सैलपणातून निघतो, कारण भांडणारे दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

रीतीचा जुना आधार आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात सापडतो : ‘भुक्त्वा राजवदासीत यावदन्नक्लमो गतः । ततः पादशतं गत्वा वामपार्श्वेन संविशेत् ॥’ जेवल्यावर अन्नाचा शीण उतरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर पडावे. शतपावली आणि वामकुक्षी ही अशी एकाच श्लोकातली जोडी आहे. मराठी घरांनी तिची वाटणी करून टाकली : शतपावली रात्रीच्या जेवणानंतर, वामकुक्षी दुपारच्या. दुपारी ताटावरून उठून थेट चटईवर जाणारा माणूस श्लोकातला सोयीचा भाग तेवढा पाळतो. खरे तर जेवणानंतर काही मिनिटे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, त्यामुळे गाळलेला भाग अधिक कामाचा होता.

डाव्या कुशीचा आग्रह शरीररचनेशीही जुळतो. जठर पोटात डावीकडे असते आणि अन्ननलिका त्याला वरच्या बाजूने मिळते. डाव्या कुशीवर पडल्यावर जठरातले आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते; उजव्या कुशीवर ते वर येणे सोपे जाते. छातीत जळजळ होणाऱ्यांना आजचे डॉक्टरही डावी कूस सुचवतात. मात्र असा त्रास असणाऱ्याने पोटभर जेवून लगेच आडवेच होऊ नये, दोन-तीन तास थांबावे, असेही तेच सांगतात.

जेवल्यावर डोळे जड होतात याचा दोष वरण-भाताला दिला जातो. तो पूर्ण खरा नाही. शरीराच्या अंतर्गत घड्याळानुसार दुपारी एक ते तीनच्या सुमारास जागेपणाला एक उतार लागतो, आणि न जेवलेल्या माणसालाही तो जाणवतो. सकाळपासून मेंदूत साचत आलेल्या अ‍ॅडेनोसिन या द्रव्याचा झोपेकडे ओढा असतोच. रात्री झोप अपुरी झाली असेल तर उतार अधिक तीव्र. त्यात सणाचे जेवण पडले, तूप सोडलेल्या तीन पुरणपोळ्या आणि वर मसालेभात, की पेंग आवरत नाही. श्रीखंडातल्या आणि पुरणातल्या जायफळाने झोप येते असेही घरोघरी सांगतात; तेवढ्याशा जायफळापेक्षा सोबतची साखर आणि तूप यांचा वाटा मोठा असावा.

किती वेळ पडावे याचे उत्तर भाषेतच दडलेले आहे. ‘घटकाभर पडतो’ असे आपण म्हणतो, आणि एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिले, तेव्हा त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि पुढच्या टप्प्यात त्यांची सावधता वाढली. योगायोगच, पण बोलका. अर्ध्या तासापलीकडे झोप गेली की मेंदू गाढ झोपेत उतरतो आणि तिथून उठवलेला माणूस ताजा होत नाही. दाराची बेल वाजली म्हणून पाच वाजता दचकून उठलेला, गालावर चटईची नक्षी उमटलेला, सकाळ आहे की संध्याकाळ हे न कळून घड्याळाकडे बघणारा गृहस्थ हा त्याचाच नमुना. मग तो चहा घेतो, रात्री अकराला झोप येत नाही, उशिरा जेवण होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेंग.

आयुर्वेद दिवसाच्या झोपेला सरसकट परवानगी देतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २१) दिवास्वाप प्रशस्त मानला आहे तो ग्रीष्म ऋतूत, आणि कारणांपैकी एक अगदी व्यवहारी आहे : तेव्हा रात्री फार लहान असतात. लहान मुले, वृद्ध, आजारी, ओझी वाहून किंवा वाट चालून थकलेले यांना बाराही महिने मोकळीक आहे. मेदस्वी, कफप्रकृतीचे आणि नित्य स्निग्ध खाणारे यांना मात्र कधीच नाही. म्हणजे जो बहुधा सर्वांत आवडीने झोपतो, नेमका तोच वगळलेला.

आधुनिक अभ्यासांचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. ग्रीसमधल्या २३,६८१ निरोगी प्रौढांच्या पाहणीत (२००७) नियमित दुपारची झोप घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. उलट तासाभराहून लांब झोपेचा संबंध मधुमेहाशी दिसतो. पण लांब झोपेमुळे आजार होतो की आधीच सुरू झालेल्या आजाराने झोप वाढते, हे अशा पाहण्यांतून ठरत नाही. आपल्या दृष्टीने सर्वांत रोचक प्रयोग चेन्नईचा. तिथे डेटा एंट्री करणाऱ्या ४५२ जणांपैकी काहींची रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवण्यात आली. कामात फारसा फरक पडला नाही. ज्यांना कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास निवांत झोपायला मिळाले, त्यांचे काम आणि मनःस्वास्थ्य दोन्ही सुधारले. एक कारण उघड दिसते : ही माणसे घरी आठ तास अंथरुणावर असूनही जेमतेम साडेपाच तास झोपत होती. उकाडा, डास, गोंगाट.

पुण्यात वामकुक्षीला दुकानाच्या पाटीवर जागा मिळाली : ‘१ ते ४ बंद’. गोव्यातल्या बाजारपेठाही दुपारी अशाच मिटतात. पण या विश्रांतीची वाटणी कधीच सारखी नव्हती. पंगत उठवून, मागून जेवून, भांडी आवरून बाईची पाठ टेकेपर्यंत तीन वाजत आणि चारला चहाचे आधण ठेवायचे असे. शेतात वैशाखाच्या उन्हात बांधावरच्या झाडाखाली, टोपी तोंडावर घेऊन काढलेली डुलकी ही कामाच्या वेळापत्रकाचाच भाग असते, कारण पहाटेच औत जुंपलेले असते.

ज्यांना आडवे व्हायलाच जागा नाही त्यांच्यासाठी आयुर्वेदाचार्य वाग्भटाने सोय करून ठेवली आहे. रात्रीचे जागरण रूक्ष म्हणजे कोरडेपणा आणणारे, दिवसाची झोप स्निग्ध म्हणजे ओलावा वाढवणारी, पण बसल्या बसल्या घेतलेली डुलकी यांपैकी काहीच नाही, असे त्याचे अष्टांगहृदय सांगते. कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलमध्ये खिडकीला डोके टेकून, शेजाऱ्याच्या खांद्यावर कलत, तरी आपले स्टेशन आले की बरोबर जागा होणारा प्रवासी रोज तीच घेतो.