वर्जन आहार (बालकांतील इओसिनोफिलिक अन्ननलिकादाह)

संशयित अन्नपदार्थ काही आठवडे पूर्णपणे वगळायचे, अन्ननलिकेचा दाह ओसरल्याची खात्री करून घ्यायची आणि मग ते एकेक करून पुन्हा सुरू करायचे, अशी ही उपचारपद्धती आहे. निदान आणि उपचार दोन्ही त्यातच होतात. ‘पथ्य’ हा घरोघरचा शब्द तिला पुरता लागू पडत नाही. पथ्यात पदार्थ जड, आंबट, तेलकट अशा गुणांवरून टाळतात आणि सणासुदीला चमचाभर चालवून घेतात. वर्जन आहारात पदार्थ त्यातील प्रथिनावरून टाळला जातो. त्यामुळे दूध वर्ज्य असेल तर पेढा, ताक आणि चहातले दोन थेंबही वर्ज्यच.

इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात आढळत नाहीत. या आजारात त्या तेथे गर्दी करतात. पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्यांचे वर्णन केले. इओसिन या गुलाबी रंगद्रव्याने त्या रंगतात, म्हणून हे नाव. रंगद्रव्याचे नाव ‘इऑस’ या ग्रीक उषादेवीवरून आले असून संस्कृत ‘उषस्’ हा त्याच मूळ धातूचा शब्द मानतात. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च विवर्धनाच्या एका क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल, हा निदानाचा उंबरठा २००७ च्या तज्ज्ञ सहमतीपासून रूढ आहे. तान्ही मुले दूध नाकारतात, वारंवार उलटी करतात. शाळकरी मुलांचे पोट दुखते. किशोरवयात घास अडकतो. प्रत्येक घासावर पाणी पिणारे आणि सर्वांत शेवटी ताटावरून उठणारे मूल खोडकर असेलच असे नाही.

हा आजार नवा की नव्याने ओळखला गेलेला, यावर मतभेद आहेत. तुरळक नोंदी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. परंतु त्यांतील रुग्ण आजच्या व्याख्येत बसतात का, हे सांगणे कठीण. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतील विंटर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या अन्ननलिकेतील इओसिनोफिल ही जठरातील आम्ल वर येत असल्याची खूण असल्याचे मांडले. हा निष्कर्ष इतका पटला, की त्यानंतर सुमारे दशकभर अशी पेशीगर्दी दिसली की दोष आम्लालाच दिला जाई. स्वतंत्र आजार म्हणून त्याचे वर्णन ॲटवुड (१९९३) आणि स्वित्झर्लंडमधील श्ट्राउमान (१९९४) यांनी केले. श्रेय सहसा दोघांना विभागून दिले जाते. सिनसिनाटी येथे १९८२ ते १९९९ या काळातील मुलांच्या जतन केलेल्या बायोप्सी नंतर पुन्हा तपासल्या, तेव्हा अनेकांत हीच पेशीगर्दी सापडली. म्हणजे आजार नावाच्या आधीपासून होता. तरीही अलीकडची वाढ केवळ दुर्बीण तपासण्या वाढल्यामुळे झाली, हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. खरी वाढही झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

‘वर्जन आहार’ ही कल्पना या आजाराहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंडचे ॲलर्जीतज्ज्ञ आल्बर्ट रो यांनी साधारणपणे १९२० च्या दशकात तिला पद्धतशीर रूप दिले. अन्ननलिकेच्या संदर्भात निर्णायक ठरला तो केली, सॅम्पसन आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा अभ्यास. मुले अवघी १०, सर्वांची तक्रार औषधांना न जुमानणारी. त्यांना केवळ ॲमिनो आम्लांपासून बनवलेल्या दुधासारख्या मिश्रणावर ठेवले. ८ जणांची लक्षणे गेली, उरलेल्या दोघांची कमी झाली. ॲमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी. माळच नसल्याने शरीराला ओळखायला काही उरत नाही. नेहमीचे अन्न सुरू करताच बहुतेकांचा त्रास परतला, आणि दोष आम्लापेक्षा अन्नाकडे वळला.

ही पद्धत प्रभावी खरी, पण कठोर. मिश्रणाची चव मुलांना सोसवत नाही, काहींना नाकातून नळी घालावी लागते आणि लहान मुलांची चावण्याची सवय मोडते. यावर शिकागो येथील अमीर कागलवाला आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सहा अन्नगटांचा वर्जन आहार’ मांडला : दूध, गहू, अंडे, सोया, शेंगदाणे व कवचाची फळे, आणि मासे व कवचधारी जलचर. हे सहा गट प्रत्येक मुलाच्या चाचणीवरून ठरलेले नाहीत. अमेरिकेत ॲलर्जी वारंवार करणारे म्हणून ते निवडले गेले. त्यामुळे ही यादी सार्वत्रिक आहे असे मानायला फारसा आधार नाही. या आहाराने ३५ पैकी २६ मुलांना (७४ टक्के) लाभ झाला, तर ॲमिनो आम्ल मिश्रणाने २५ पैकी २२ जणांना (८८ टक्के).

त्वचेवर टोचून वा पट्टी लावून केलेल्या चाचण्यांवरून पदार्थ निवडण्याचा मार्ग फिलाडेल्फियात विकसित झाला. मात्र २०१४ च्या एकत्रित विश्लेषणात त्याचे यश सुमारे ४६ टक्केच भरले. सहा गटांचे ७२ आणि मिश्रणाचे ९१. कारण असे, की हे वावडे शेंगदाण्याने अंगावर तत्काळ पित्त उठण्यासारखे नसते. ते संथ, दिवसांनी व आठवड्यांनी वाढणारे असते आणि त्यात तात्काळ ॲलर्जी घडवणाऱ्या आयजीई प्रतिपिंडांचा वाटा गौण दिसतो.

पदार्थ साधारणपणे ६ ते १२ आठवडे वगळून दुर्बीण तपासणी व बायोप्सी करतात. नंतर प्रत्येक पुनःप्रवेशानंतर पुन्हा तेच. लक्षणे आणि पेशींची संख्या यांची जोडी जुळतेच असे नसल्याने ‘आता बरे आहे’ या मुलाच्या शब्दावर विसंबता येत नाही. दर वेळी लहान मुलाला भूल द्यावी लागते. पद्धतीची ही सर्वांत मोठी अडचण. पुनःप्रवेशाच्या २०११ च्या अभ्यासात दूध ७४ टक्के, गहू २६, अंडे १७ आणि सोया १० टक्के मुलांत दोषी ठरले. दुधाचा हा वरचष्मा पाहता उलटा क्रम सुचवला गेला : आधी थोडे वगळा, न जमल्यास वाढवा. स्पेनमधील २०१८ च्या अभ्यासात (त्यात मुलेही होती) दूध आणि ग्लूटेनयुक्त धान्ये एवढेच वगळून ४३ टक्के रुग्णांचा दाह शमला. मुलांत पहिली पायरी म्हणून केवळ दूध वगळणे आज व्यवहार्य मानले जाते.

दूध तोडले की कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची भरपाई करावी लागते आणि वजन-उंचीवर लक्ष ठेवावे लागते. गाईऐवजी शेळीचे वा म्हशीचे दूध हा पर्याय नव्हे. प्रथिने फार जवळची आहेत. दीर्घकाळ टाळलेला पदार्थ पुन्हा देताना क्वचित तीव्र तात्काळ प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून पूर्वी तशी ॲलर्जी असलेल्या मुलांत घरी प्रयोग करू नये.

औषधांत आम्लरोधके, गिळायची स्टेरॉइडे आणि डुपिलुमॅब हे इंजेक्शन येतात. डुपिलुमॅबला अमेरिकेत १२ वर्षांवरील रुग्णांसाठी २०२२ मध्ये, तर एक वर्षावरील व किमान १५ किलो वजनाच्या मुलांसाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

भारतातील नोंदी पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळ आहेत. मराठी घरात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांमुळे गहू सोडणे तुलनेने सोपे. अडचण रवा, शेवया आणि भाजीतल्या शेंगदाण्याच्या कुटाची. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे डबीवरील घटकसूची वाचल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश उरू शकतो, म्हणून वर्जनाच्या काळात तेही बंद ठेवतात.