पामच्या कोवळ्या रोपांची हिवाळ्यात घरात घ्यावयाची निगा

दिवाळीच्या सुमारास आमच्या नाशिकच्या रोपवाटिकेतून पामची रोपे मोठ्या संख्येने घरोघरी जातात आणि जानेवारी उजाडला की त्यांतील काही रोपांची छायाचित्रे आमच्या फोनवर येऊ लागतात. पानांची टोके करपलेली असतात, खालच्या झावळ्या पिवळ्या पडलेल्या असतात, तर एखाद्या रोपाचा मधला कोंबच काळा पडलेला असतो. थंडीने रोप गेले, असा ग्राहकांचा समज असतो. थंडी काही अंशी कारणीभूत असतेच. तथापि अशी कुंडी आमच्याकडे आणून उलटी करून पाहिली, तर बहुतेक वेळा माती तळापर्यंत चिंब आणि मुळे तपकिरी, मऊ पडलेली आढळतात. म्हणून या पत्रकात पाण्याविषयी विस्ताराने लिहिले आहे.

प्रथम आपल्याकडील रोप कोणते, हे पाहावे. आमच्याकडून सर्वाधिक जाणारा अरेका पाम नावामुळे अनेकांना सुपारी वाटतो आणि फळ केव्हा धरेल, अशी विचारणाही होते. प्रत्यक्षात तो मादागास्करच्या उष्ण, दमट भागातला पाम आहे आणि सुपारीचे झाड वेगळे. पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला त्याला मानवत नाही. अरेकाचे देठ पिवळसर असणे आणि त्यांवर बारीक काळपट ठिपके असणे ही त्याची जात आहे, रोग नव्हे. मेक्सिको व ग्वाटेमालाच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारा चामेडोरिया कमी प्रकाशात निभावून नेतो. दक्षिण चीनकडचा रॅफिस या सर्वांत काटक असून नाशिकची थंडी त्याच्या खिजगणतीतही नसते. पंख्यासारख्या गोल पानांचा लिकुआला मात्र फार नाजूक आहे. ज्यांच्या घरात रात्री खोली बरीच गार पडते, त्यांना आम्ही तो हिवाळ्यात विकत घेऊ नका, असेच सांगतो.

शहरात डिसेंबर-जानेवारीतील अनेक रात्री पारा १० अंशांच्या खाली येतो. निफाडकडे तर तो ५-६ अंशांपर्यंतही उतरतो आणि द्राक्षबागायतदारांना पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा भागांत गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत ठेवलेली रोपे रात्रीचे तापमान १२-१३ अंशांवर येऊ लागले की घरात घ्यावीत. कडाक्याच्या रात्रीची वाट पाहू नये, कारण थंडीचा फटका पानांवर लगेच दिसत नाही, चार-आठ दिवसांनी तपकिरी डागांच्या रूपाने उमटतो. मुंबई आणि कोकणातील ग्राहकांनी केवळ थंडीसाठी रोपे हलविण्याचे कारण नाही. घरात ठेवतानाही एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शहाबादी किंवा संगमरवरी फरशी रात्री फार गार पडते आणि तिच्यावर थेट ठेवलेल्या कुंडीतील ओली माती सकाळी उशिरापर्यंत गारच राहते. कुंडीखाली लाकडी पाट किंवा बुटके स्टूल ठेवल्याने हे टळते. रात्री पाने खिडकीच्या काचेला टेकू देऊ नयेत आणि पहाटे ज्या दारातून गार झोत येतो, त्याच्या समोर कुंडी ठेवू नये.

प्रकाशाची जागा उन्हाळ्यात ठरवलेली असेल, तर ती हिवाळ्यात पुन्हा तपासावी. नाशिकच्या अक्षांशावर जूनमधील मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा अधिक असतो, डिसेंबरमधील लहान दिवस जेमतेम ११ तासांचा. शिवाय सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे, जूनमध्ये दुपारी ज्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, तिच्यातून डिसेंबरमध्ये ते दोन-तीन फूट आत उतरते. तेथे पातळ पडदा लावून रोप ठेवले, तर ती उत्तम जागा ठरते. पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे कोवळे ऊन अरेकाला थेट दिले तरी चालते. दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे, रोप शोभून दिसते हे आम्हालाही मान्य आहे. मात्र आमच्याकडे हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम अशा अंधाऱ्या जागी गेले की नवे पान येणे थांबते आणि पाण्याची गरजही घटते.

पाण्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. प्रकाश कमी, दिवस लहान आणि माती गार असताना मुळे फार थोडे पाणी ओढतात, परंतु घालणाऱ्याचा हात सवयीने उन्हाळ्याइतकाच चालतो. सकाळी तुळशीला पाणी घातले की ओघाने पेलाभर पामलाही घातले जाते. आमच्या मिश्रणात माती आणि शेणखताबरोबर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असते व त्याचा वरचा थर एका दिवसात कोरडा, फिकट दिसू लागतो, तरी चार बोटे खाली ते ओलेच असते. म्हणून वरून पाहून ठरवू नये. खराट्याचा एक जाड हीर कुंडीच्या कडेने हलक्या हाताने तळापर्यंत खुपसावा, दहा मिनिटांनी बाहेर काढून पाहावा. त्याला ओलसर माती चिकटली असेल तर पाणी देऊ नये, हीर जवळजवळ कोरडा निघाला तरच द्यावे. महिनाभर असे केल्यावर कुंडी थोडी उचलून वजनावरूनच अंदाज येऊ लागतो.

८ इंची कुंडीतील अरेकाला डिसेंबर-जानेवारीत सर्वसाधारणपणे ७ ते १० दिवसांनी पाऊण लिटर पाणी पुरते. ते एकदाच, सावकाश आणि तळाच्या भोकातून थोडे बाहेर येईपर्यंत द्यावे. रोज थोडे थोडे घातल्यास वरचा थर सतत ओला आणि खालची मुळे गुदमरलेली, अशी स्थिती होते. वेळ सकाळी दहाच्या पुढची असावी. गच्चीवरच्या टाकीतील पहाटेचे गार पाणी थेट घालू नये, बादलीत काढून घरात दोन-तीन तास ठेवावे. ताटलीत उतरलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीला बहुधा भोक नसते. तिच्यात आतली कुंडी तशीच ठेवून पाणी घातल्याने आमच्या माहितीतील सर्वाधिक रोपे दगावली आहेत. मातीला वाफसा, म्हणजे बेताचा ओलावा, असावा, चिखल नसावा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घरातल्या कुंडीलाही तोच नियम लागू आहे.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची पद्धत चांगल्या हेतूने रूढ झाली आहे, पण त्यात क्षार अधिक असतात आणि कुंडीतल्या पामला ते सोसत नाहीत. अरेका आणि चामेडोरियाची पाने क्षार व फ्लोराइड यांना लवकर प्रतिसाद देतात, म्हणजे टोकापासून करपत जातात. बोअरचे जड पाणी वापरत असाल आणि मातीवर पांढरा पापुद्रा धरला असेल, तर तो खरवडून काढावा व शक्य तितके नळाचे पाणी वापरावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास क्लोरीन उडून जातो, मात्र क्षार आणि फ्लोराइड तसेच राहतात.

हिवाळ्यातील कोरड्या हवेत लाल कोळी ही अतिशय बारीक कीड वाढते. पानाच्या मागील बाजूस ओला पांढरा कागद घासून पाहावा. त्यावर तांबूस रेघा उमटल्या, किंवा पानांवर फिकट टिपके आणि बारीक जाळी दिसली, तर कीड आहे असे समजावे. पाने दर पंधरा दिवसांनी दोन्ही बाजूंनी ओल्या मऊ फडक्याने पुसल्यास तिचा बराच बंदोबस्त होतो. प्रादुर्भाव अधिक असल्यास एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य द्रवरूप साबण नीट मिसळून सायंकाळी पानांच्या मागील बाजूस फवारावे. पाने चमकावीत म्हणून त्यांना खोबरेल तेल किंवा दूध लावणारे ग्राहक आम्हाला दर वर्षी भेटतात. तेलाने पानांची रंध्रे बुजतात, वर धूळ चिकटते आणि दूध नासून वास येतो, तेव्हा यांपैकी काहीही लावू नये.

खालचे एखादे पान पिवळे पडू लागले की ते कापण्याची घाई होते. पाम जुन्या पानांतील पोटॅश आणि मॅग्नेशियम काढून नव्या पानांकडे नेतो. अर्धे हिरवे पान कापले की तो साठा जातो आणि त्यावरचे पान पिवळे पडू लागते. पान पूर्ण वाळल्यावरच देठाजवळ कापावे. करपलेले टोक कात्रीने कापावयाचे असेल, तर हिरव्या भागाला धक्का न लावता तपकिरी भागाची बारीक कडा शिल्लक ठेवावी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत खत देऊ नये. कुंडीही बदलू नये. एका डिसेंबरमध्ये आम्हीच जागेच्या अडचणीमुळे चामेडोरियाची रोपे मोठ्या पिशव्यांत हलविली आणि त्यांतील बरीचशी फेब्रुवारी पाहू शकली नाहीत. अरेकाच्या कुंडीत दाटपणासाठी एकत्र लावलेली अनेक रोपे असतात, तीही वेगळी करू नयेत, कारण त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात.

प्रत्येक खोडाला एकच वाढीचा कोंब असतो आणि तो गेला की ते खोड पुन्हा फुटत नाही. यासाठी पाणी नेहमी मातीत घालावे, वरून कोंबावर नको. थंड रात्री पोंग्यात, म्हणजे मधल्या न उमललेल्या पानांच्या गुंडाळीत, साचलेले पाणी कूज आणते. मधले न उमललेले पान निस्तेज दिसू लागले, तर ते दोन बोटांत धरून अगदी हलके ओढून पाहावे. ते सहज निघून आले आणि बुडाशी कुजका वास आला, तर सडलेला भाग स्वच्छ करून, एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मिसळून ते द्रावण कोंबाच्या जागी थोडेसे घालावे, आणि काही दिवस पाणी बंद ठेवावे. अरेका व रॅफिसच्या कुंडीतील इतर खोडे याने वाचतात. एकच खोड असलेल्या रोपाबाबत मात्र आम्ही आशा दाखवीत नाही.

महाशिवरात्रीनंतर रात्री उबदार होऊ लागल्या की पाणी हळूहळू वाढवावे आणि खताची अर्धी मात्रा सुरू करावी. रोप बाहेर न्यावयाचे असल्यास आधी आठवडाभर पूर्ण सावलीत ठेवावे, कारण घरात राहिलेली पाने मार्चच्या उन्हात एका दुपारीत भाजतात आणि ते डाग जात नाहीत. कुंडी बदलण्यासाठी पहिल्या पावसानंतरचे दिवस योग्य होत. त्यासाठी रोप आमच्याकडे आणताना आदल्या दिवशी पाणी देऊ नये, झावळ्या सुतळीने सैल बांधाव्यात आणि कुंडी गाडीत उभीच ठेवावी.