अर्थमंत्र्यांना संसदेत प्रश्न विचारायचाय? खासदारामार्फत कसा लावायचा, पात्रता काय, कागदं कोणती लागतात

अधिवेशन चालू असलं की सोमवारी अकरा वाजता टीव्हीवर निर्मला सीतारामन उत्तरं द्यायला उभ्या राहतात, आणि माझ्या दुकानात फॉर्म भरायला आलेल्यांपैकी एखादा हमखास म्हणतो, "ह्यांना आपल्या मराठवाड्याचं कुणी इचारतच नाही बगा." इचारता येतं. तुम्ही-आम्ही थेट नाही इचारू शकत, पण आपला प्रश्न खासदाराच्या नावानं लावता येतो, त्याला फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, एजंट तर अजिबात लागत नाही. फक्त प्रश्न योग्य खात्याला आणि योग्य तारखेच्या आत गेला पाहिजे, आणि आपल्याकडचे नव्वद टक्के प्रश्न इथंच मरतात, हा माझा अंदाज आहे, सरकारी आकडा नाही.

आधी पात्रता सांगतो. प्रश्नाची सूचना, म्हणजे प्रश्न लावायची लेखी नोटीस, फक्त खासदार देऊ शकतो, लोकसभेचा असो की राज्यसभेचा, आणि मंत्री असलेला खासदार प्रश्न लावत नाही. म्हणजे तुमचा खासदार मंत्री झाला तर आनंद करा पण प्रश्नासाठी दुसरा गाठा. मराठवाड्यात लोकसभेच्या आठ जागा आहेत, शिवाय राज्यसभेचे खासदार सगळ्या महाराष्ट्राचे असतात, त्यामुळं जालन्याच्या माणसानं नांदेडच्या किंवा मुंबईच्या खासदाराला प्रश्न दिला तरी चालतं, मतदारसंघाची अट नाही. तुम्ही मतदार पाहिजे, शिकलेले पाहिजे असंही काही नाही. वैयक्तिक भांडण मात्र चालत नाही. "अमुक बँकेनं माझं पीककर्ज नाकारलं" हा संसदेचा प्रश्न होत नाही, त्यासाठी आधी बँकेत लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन, तेही फुकट आहे. पण "मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत सरकारी बँकांनी तीन वर्षांत किती पीककर्जाचे अर्ज नाकारले आणि कारणं काय दिली" हा प्रश्न होतो. फरक ध्यानात आला ना?

आता तारांकित आणि अतारांकित. तारांकित म्हणजे ज्याच्यापुढं चांदणी छापलेली असते, मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न इचारता येतात. लोकसभेत रोज असे वीस असतात पण पाच-सात झाले की तास संपतो, बाकीच्यांचं उत्तर लेखीच मिळतं. अतारांकित रोज दोनशे तीस, उत्तर लेखी, सभागृहाच्या पटलावर ठेवतात. राज्यसभेत पंधरा तारांकित आणि एकशे साठ अतारांकित. एका खासदाराच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित लागू शकतो, आणि सूचना जास्त आल्या की ठरलेल्या आकड्यात बसवायला सोडत निघते, तारांकित मागितलेला प्रश्न अतारांकितात जाऊ शकतो. लोकांना तारांकितच पाहिजे असतो कारण टीव्हीवर दिसतं. मला इचाराल तर आपल्यासारख्यांना अतारांकितच बरा, आकडे पाहिजेत ना आपल्याला, भाषण थोडंच पाहिजे, आणि लेखी उत्तराचं प्रिंट काढून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवता येतं.

तारखेचं गणित नीट समजून घ्या. उत्तराच्या दिवसाआधी किमान पंधरा पूर्ण दिवस सूचना पोचावी लागते, सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस ह्यात धरायचा नाही. प्रत्येक मंत्रालयाला आठवड्यातला वार ठरवून दिलेला असतो, अलीकडच्या अधिवेशनांत अर्थखात्याचा वार लोकसभेत सोमवार आणि राज्यसभेत मंगळवार राहिलाय. आता बगा, हिवाळी अधिवेशन तीन आठवड्यांचं असलं तर अर्थमंत्र्यांचे सोमवार तीनच, त्यात सुट्टी आली किंवा गोंधळात कामकाज गेलं तर अजून कमी. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात प्रश्न खासदाराच्या ऑफिसात गेला पाहिजे. मी पहिल्यांदा अधिवेशन सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात निवेदन घेऊन गेलो होतो, हार-बिर घेऊन, फोटो पण काढला, आणि पीएनं बाजूला घेऊन हळूच सांगितलं की दादा आता पुढच्या अधिवेशनात. तो फोटो आहे अजून माझ्याकडं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणतं खातं. लोकांना वाटतं पैशाचा विषय आला की अर्थमंत्री. तसं नसतं. अर्थ मंत्रालयात सहा विभाग आहेत, आर्थिक व्यवहार, खर्च, महसूल, वित्तीय सेवा, निर्गुंतवणूक म्हणजे ज्याला दीपम म्हणतात ते, आणि सार्वजनिक उपक्रम. सरकारी बँका, विमा कंपन्या वित्तीय सेवांत. जीएसटी, कस्टम, इन्कम टॅक्स आणि ईडीसुद्धा महसूल विभागात. पण पीकविमा कृषी मंत्रालयाचा. खासदार निधीचे वर्षाचे पाच कोटी सांख्यिकी मंत्रालयाच्या ताब्यात. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला किती पैसा दिला ते रेल्वेमंत्र्यांना इचारायचं, आणि त्यातला निम्मा वाटा राज्याचा असल्यानं तो हिस्सा कधी दिला हे मुंबईत विधिमंडळात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्याकडं जमिनी खरवडून गेल्या, त्याच्या केंद्राच्या मदतीचा प्रश्न पूर म्हणून गृह मंत्रालयाकडं, पण दुष्काळ असता तर कृषीकडं. डोकं गरगरतं, मान्य आहे. प्रश्न चुकीच्या खात्याला गेला तर कधी कधी तो दुसरीकडं वर्ग करतात, पण त्या खात्याचा वार वेगळा, आणि ह्या सगळ्यात अधिवेशन संपून जातं.

मल्टिस्टेटचंच घ्या ना, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था. बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूला लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्यात, म्हातारी माणसं पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरायलेत. सगळे म्हणतात अर्थमंत्र्यांना इचारा, रिझर्व्ह बँकेला इचारा. पण मल्टिस्टेट ही बँक नाही, तिच्यावर देखरेख सहकारी संस्थांच्या केंद्रीय निबंधकाची, आणि ते सहकार मंत्रालयात येतात, हे मंत्रालय जुलै २०२१ मध्ये वेगळं झालं आणि तेव्हापासून अमित शाह तिथले मंत्री आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून, आधी एक लाख होता, पण हा विमा पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेटलाही नाही. मग अर्थमंत्र्यांना काहीच इचारता येत नाही का? येतं, ईडीनं जप्त केलेल्या मालमत्तेपैकी किती रक्कम ठेवीदारांना परत मिळाली हे महसूल विभागाचं आहे. खटला कोर्टात चालू असेल तर त्याच्या खऱ्या-खोट्याबद्दल इचारता येत नाही, पण देशभराचे किंवा राज्याचे आकडे मागितले तर प्रश्न बसतो. एकाच दुखण्याचे दोन प्रश्न करायचे, एक सहकारला, एक अर्थला.

प्रश्न लिहायचा कसा. दीडशे शब्दांच्या आत, साधारण नियम तसाच आहे. त्यात वाद घालायचा नाही, टोमणा नाही, कुणावर आरोप नाही, "सरकार झोपलंय का" हे तर नाहीच. मत मागायचं नाही, जर-तरचं काल्पनिक इचारायचं नाही, आधी उत्तर झालेलं पुन्हा इचारायचं नाही, जे उघड छापील कागदात आहे तेही नाही. म्हणून आधी संसद डॉट इन वर जाऊन मंत्रालय निवडून जुनी उत्तरं चाळा, अर्धा तास जातो पण काम वाचतं. डॉ. भागवत कराड, आपले संभाजीनगरचे, जुलै २०२१ ते जून २०२४ अर्थ राज्यमंत्री होते, त्यांच्या नावानं दिलेली बँकांवरची ढीगभर लेखी उत्तरं तिथं सापडतील, भाषा कळते त्यावरून. (शंकरराव चव्हाण तर १९८८-८९ मध्ये देशाचे अर्थमंत्रीच होते, म्हणजे उत्तर देणारे आपल्याकडनं गेलेत, इचारणारे तेवढे कमी पडतात.)

नमुना देतो, कापूसवाल्यांसाठी. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क माफ केलं होतं, अधिसूचना महसूल विभागाची, म्हणजे खातं बरोबर अर्थ. मग असं लिहायचं: "वित्त मंत्री हे सांगतील काय की, (क) सदर काळात शुल्कमाफीनं किती आयात कापूस देशात आला, महिनानिहाय, (ख) त्यामुळं सरकारनं किती महसूल सोडला, (ग) निर्णयाआधी कृषी मंत्रालयाचं मत घेतलं होतं काय, असल्यास ते काय होतं, (घ) पुढच्या हंगामात अशी माफी देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे काय?" बस. कापूस उत्पादक मेला, भाव पडला, हे सगळं मनात ठेवा, कागदावर नाही. आकडा, वर्ष, जिल्हा मागा. "काय उपाययोजना केल्या" असं इचारलं की मंत्रालय योजनांची जंत्री चिकटवून देतं, दोन पानं भरतात आणि हाती काही लागत नाही. पण एक आहे, आकडे जिल्हानिहाय मागितले आणि ते दिल्लीत नसतील तर "अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही" एवढंच येतं, म्हणून राज्यनिहाय आणि उपलब्ध असल्यास जिल्हानिहाय असं लिहा.

कागदं: साध्या कागदावर खासदाराच्या नावानं अर्ज, त्यात तुमचं नाव, गाव, मोबाईल, प्रश्नाचा मसुदा वेगळ्या पानावर, आधार म्हणून माहिती अधिकाराचं उत्तर, शासन निर्णय, राजपत्राची प्रत, जे असेल त्याची झेरॉक्स. आधार कार्ड मागत नाहीत, कुणी मागितलंच तर झेरॉक्सवर कशासाठी दिलंय ते लिहून द्या. मसुदा मराठीत चालेल, पण सूचना हिंदी किंवा इंग्रजीत जाते, त्यामुळं सोबत हिंदी करून दिलात तर ऑफिसातल्या पोराचं काम हलकं होतं आणि तुमचा कागद ढिगाच्या वर राहतो, हे अनुभवाचे बोल आहेत. पुढं खासदार त्यांच्या पोर्टलवरनं सूचना टाकतात, ते लॉगिन त्यांचं असतं, आपल्याला मागायचं नाही. आणि प्रश्न लावायचे पैसे कुणी मागत असेल तर सरळ उठून यायचं. प्रश्नासाठी पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांची खासदारकी गेलीय.

खासदारानं प्रश्न घेतलाच नाही तर? लोकसभेला याचिका करता येते, सार्वजनिक हिताच्या विषयावर. ती सभागृहाला उद्देशून लिहायची, हिंदी-इंग्रजीत किंवा मराठीत असेल तर सोबत भाषांतर, सह्या करणाऱ्यांची पूर्ण नावं-पत्ते, अंगठा चालतो, आणि खासदारामार्फत मांडायची असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. गंमत म्हणजे याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं असलं काही जोडायचं नसतं, आपल्याकडं जोडपत्राशिवाय अर्ज म्हणजे लग्नात वरात नाही, पण तिथं तसंच आहे. दुसरा रस्ता माहिती अधिकार, दहा रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फुकट, तीस दिवसांत उत्तर. त्या कायद्यात आधी एक वाक्य होतं, जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येत नाही. ते कलम आठमध्ये होतं, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कलमाचा तो भाग बदलला, त्यामुळं अपिलात त्याच्यावर विसंबू नका.

राज्याच्या खर्चाचा विषय असेल, रोजगार हमीची बिलं, जिल्हा नियोजनाचा निधी, तर दिल्लीचा नाद सोडा, आमदाराकडं जा. तिथली धाटणी वेगळी, "हे खरे आहे काय" असं इचारायचं आणि "अंशतः खरे आहे" किंवा "प्रश्न उद्भवत नाही" असं उत्तर घ्यायचं. तो वेगळा लेख होईल.

उत्तर आल्यावर पीएच्या फोनची वाट बघू नका, त्याच दिवशी संध्याकाळी संसद डॉट इन वर प्रश्न क्रमांक टाकून बगा, पीडीएफ असते. त्यात "माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं दिसलं तर बहुतेक जण निराश होतात, मी खूश होतो. कारण ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे. प्रश्न क्रमांक आणि तारीख वहीत लिहा, तीन महिने मोजा, नंतर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन खासदाराला पुन्हा कागद द्या, ह्यावेळी हार नेऊ नका.